पैशाचं सोंग

इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावात हेनी नावाची एक कंपनी शववाहिका आणि रुग्णवाहिका बांधायची. खालचं चेसिस आणि इंजिन पॅकार्डचं, वरची लांबलचक बॉडी हेनीची. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतल्या कितीतरी प्रतिष्ठितांचा शेवटचा प्रवास या जोडीच्या गाडीतून झाला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय मोटार स्पोर्ट्स प्रदर्शनात पॅकार्डने जी उघडी, झळझळीत गाडी मांडली, तीही याच कारखान्यात तयार झालेली होती. तिचं नाव पॅन अमेरिकन. नेहमीची पॅकार्ड कन्व्हर्टिबल घेऊन ती कापून बुटकी केलेली, मागची सीट काढून टाकलेली, बॉनेटवर हवा घेण्यासाठी रुंद तोंड आणि डिकीच्या बाहेर दिमाखात उभी केलेली स्टेपनी. रचना रिचर्ड आर्बिब यांची. (हेच आर्बिब पुढे हॅमिल्टन कंपनीसाठी मनगटी घड्याळं काढू लागले. 'ब्लू हवाई' सिनेमात एल्व्हिस प्रेस्लीच्या हातात दिसणारं तिकोनी व्हेंचुरा घड्याळ त्यांचंच.) प्रदर्शनात उत्कृष्ट रचनेचं सुवर्णपदक पॅन अमेरिकनला मिळालं. अशा सहा गाड्या बनल्या आणि तेवढ्यावर ते प्रकरण थांबलं.

शोभेची गाडी शववाहिकावाल्याकडून करून घेण्यात थट्टा काहीच नव्हती. पॅकार्डला तेवढंच परवडत होतं. १९५२ ते १९५६ या चार-पाच वर्षांत कंपनीने ज्या ज्या नमुना गाड्या प्रदर्शनांतून मांडल्या, त्यांची गोष्ट या परवडण्या-न परवडण्याची आहे. त्या गाड्यांवर छायाचित्रांची जाडजूड पुस्तकं निघाली आहेत, आणि त्यांत बहुतेक वेळा कौतुक असतं ते रेषांचं, रंगांचं, क्रोमचं. मला त्यांच्यात अधिक दिसते ती एका खानदानी घराची ओढाताण. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. पॅकार्डने तेच सोंग आणायचा प्रयत्न केला, आणि कौतुक असं की काही काळ ते चांगलं वठलंही.

आधी घराणं. ओहायोतल्या वॉरन गावचे जेम्स वॉर्ड पॅकार्ड हे विजेचं सामान बनवणारे इंजिनिअर. त्यांनी अलेक्झांडर विंटन यांच्याकडून एक मोटार घेतली, ती वरचेवर बिघडली, आणि तक्रार घेऊन गेल्यावर विंटन म्हणाले की एवढं कळत असेल तर स्वतःच बनवा. असं सांगतात. १८९९च्या नोव्हेंबरात पॅकार्डची पहिली गाडी रस्त्यावर आली. हेन्री जॉय यांनी भांडवल घातलं आणि १९०३ साली कंपनी डेट्रॉइटला गेली. तिथे ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर अल्बर्ट कान यांनी तिचा कारखाना उभारला. त्यातली १९०५ची दहा नंबरची इमारत सळई-काँक्रीटची होती, आणि डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात तशी ती पहिलीच. १९१५ साली बारा सिलिंडरची ट्विन सिक्स आली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेत श्रीमंती दाखवायची तर पॅकार्ड; कॅडिलॅक तिच्या मागून यायची. 'ज्याच्याकडे आहे त्याला विचारा' एवढीच कंपनीची जाहिरात असे, आणि तेवढी पुरायची.

आपल्याकडे पॅकार्ड हे नाव ओळखीचं आहे ते संस्थानिकांच्या मोटारखान्यांमुळे आणि व्हिंटेज रॅलींमुळे. पण या लेखातल्या गाड्यांच्या काळात इथे येणाऱ्या परदेशी गाड्यांचा ओघ आटला होता. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने दार दाखवलं, आणि १९२८पासून शिवडीत मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली मुंबईतला गाशा गुंडाळला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मोटारवेड्यांनी पाहिलेली पॅकार्ड बहुधा युद्धाआधीची, उंच नाकाची. नंतर या गाडीच्या चेहऱ्याचे काय काय हाल झाले, ते इथे फारसं कुणी पाहिलं नाही.

हाल व्हायला सुरुवात मंदीत झाली. फक्त श्रीमंतांना विकून कंपनी तगत नव्हती, म्हणून १९३५ साली पॅकार्डने हजार डॉलरच्या आसपासची वन ट्वेंटी काढली. ती धडाधड खपली आणि कंपनी वाचली. पण आता पॅकार्ड डॉक्टर-वकिलांच्याही दारात दिसू लागली. तेव्हा ज्याला आपण डॉक्टर-वकिलांहून वरचे आहोत असं दाखवायचं होतं, तो कॅडिलॅककडे वळला. मग युद्ध आलं. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन पॅकार्डने परवान्यावर बनवलं, थोडीथोडकी नव्हे, पंचावन्न हजारांहून जास्त. मस्टँग लढाऊ विमानं त्यांच्या जोरावर बर्लिनपर्यंत गेली. युद्धानंतर हातात रोकड होती, नाव होतं, आणि गिऱ्हाईक कुठलीही गाडी घ्यायला रांगेत उभं होतं. अशा वेळी पॅकार्डने १९४८चं फुगीर मॉडेल काढलं. त्याला लोकांनी 'गाभण हत्तीण' असं नाव ठेवलं. तिकडे कॅडिलॅकने १९४९मध्ये नवं व्ही-आठ इंजिन आणलं. पॅकार्ड मात्र आपल्या जुन्या, सरळ रेषेत आठ सिलिंडर मांडलेल्या इंजिनाला आणखी सहा वर्षं चिकटून राहिली.

१९५२ साली जेम्स नॅन्स अध्यक्ष म्हणून आले. हे हॉटपॉइंटचे, म्हणजे शेगड्या आणि फ्रिज विकून नाव काढलेले गृहस्थ. विक्रीतलं त्यांना उत्तम कळायचं. गाडीचं नाव गेलंय आणि ते परत आणायचं तर स्वस्त मॉडेल वेगळ्या नावाने विकलं पाहिजे, हे त्यांनी लगेच ओळखलं. पण नवी गाडी काढायची तर साचे हवेत.

हे साच्यांचं गणित समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. पोलादी पत्र्याचा दरवाजा, मडगार्ड, टप, बॉनेट, प्रत्येक तुकडा प्रचंड प्रेसखाली दाबून काढतात, आणि प्रत्येकासाठी घट्ट पोलादाची डाय वेगळी करावी लागते. एका संपूर्ण नव्या बॉडीच्या डाय म्हणजे त्या काळातही कोट्यवधी डॉलरचं काम. जनरल मोटर्स मोजक्याच मूळ बॉड्या थोड्या फिरवून शेवरोलेपासून ब्युइकपर्यंत लाखो गाड्यांवर तो खर्च पसरवी. वर्षाला पन्नास-साठ हजार गाड्या विकणाऱ्या पॅकार्डला प्रत्येक डाय तितकीच महाग पडायची आणि वसूल व्हायची एवढ्याशा गाड्यांतून. प्रदर्शनातल्या गाडीला मात्र डाय लागतच नाही. मातीचा नमुना करा, लाकडी ठोकळे घडवा, त्यावर पत्रा हाताने ठोका किंवा फायबरग्लास चढवा, चार-सहा महिन्यांत गाडी उभी. म्हणजे गाड्या बनवायच्या धंद्यात एक गाडी बनवणं सगळ्यात स्वस्त. लोकांना, डीलरांना आणि बँकांना वाटतं की कंपनीकडे कल्पना आहेत आणि त्या अर्थी पैसाही असणार.

जनरल मोटर्सचा मोटोरामा हा प्रदर्शनसोहळा तेव्हा न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात भरायचा आणि मग गावोगाव फिरायचा. वाद्यवृंद, नर्तिका आणि फिरत्या चौथऱ्यांवर कंपनीचे रचनाकार हार्ले अर्ल यांच्या डझनभर ड्रीम कार. १९५४ची फायरबर्ड तर चक्क जेट विमानासारखी दिसणारी, टर्बाइनवर चालणारी. हा पैशाचा माज होता, आणि परवडणाराही होता. पॅकार्ड त्याच काळात इतर प्रदर्शनांत एकेक गाडी घेऊन उभी राहायची.

पॅन अमेरिकनवरून १९५३ची कॅरिबियन आली. प्रदर्शनातली गाडी विक्रीला आल्याचं पॅकार्डच्या नशिबी आलेलं हे एकच उदाहरण. नेहमीच्या कन्व्हर्टिबल मिशिगनमधल्या आयोनिया गावी मिचेल-बेंटली कंपनीकडे जायच्या. तिथे बॉनेटला रुंद तोंड बसायचं, मागच्या चाकांवरचा पत्रा गोल कापला जायचा आणि पाठीला स्टेपनी लागायची. किंमत पाच हजार दोनशे दहा डॉलर. त्या वर्षी कॅरिबियन ७५० खपल्या. कॅडिलॅकची नवी एल्डोराडो त्याच वर्षी ५३२ खपली. ती साडेसात हजारांच्या वर होती हे खरं, पण पॅकार्डच्या माणसांनी ही आकडेवारी मिरवली असेल तर त्यांना दोष देणार नाही.

त्याच कॅरिबियनवर १९५३मध्ये बाल्बोआ झाली, आणि इथे डिक टीग हे नाव येतं. हा तिशीच्या उंबरठ्यावरचा कॅलिफोर्नियाचा माणूस लहानपणी सिनेमांत छोटी कामं करायचा. सहा वर्षांचा असताना मोटार अपघातात त्याचा एक डोळा गेला. खोलीचा अंदाज एका डोळ्याने नीट येत नाही. तरी पुढे अनेक दशकं तो मोटारींचे आकार ठरवत राहिला. १९५१मध्ये तो जनरल मोटर्समधून पॅकार्डला आला. बाल्बोआच्या टपाला त्याने एक गंमत केली. मागची काच नेहमीसारखी डिकीकडे उतरती न ठेवता उलटी आत झुकवली आणि टप तिच्यावर छज्ज्यासारखा पुढे काढला. काचेवर पाऊस कमी, मागच्यांच्या मानेवर ऊन कमी. हीच उलटी काच पुढे १९५७च्या मर्क्युरी टर्नपाइक क्रूझरवर, १९५९च्या इंग्लिश फोर्ड अँग्लियावर आणि फ्रान्सच्या सित्रोएन आमी सिक्सवर लाखोंनी रस्त्यावर आली. हॅरी पॉटर वाचलेल्या घरांतल्या मुलांना ती उडणाऱ्या अँग्लियामुळे ठाऊक आहे. पॅकार्डच्या एकाही विकाऊ गाडीला ती मिळाली नाही. टप बदलायचा म्हणजे डाय आली.

पुढच्या वर्षीची पँथर या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते. डेट्रॉइटच्या क्रिएटिव्ह इंडस्ट्रीजने बांधलेली, दोघांना बसायची, फायबरग्लासची लांब, सपाट, बंपरला बंपर मोजल्यास अवाढव्य स्पोर्ट्स कार. चार बनवल्या. वरून सगळं उद्याचं, आणि बॉनेट उघडलं की आत तेच म्हातारं सरळ-आठ इंजिन, ३५९ घनइंचाचं. त्याला मॅककुलोकचा सुपरचार्जर जोडून २७५ अश्वशक्तीपर्यंत ताणलेलं. १९५४च्या हिवाळ्यात ती फ्लोरिडाला डेटोनाच्या वाळूवर पळवली. डिक रॅथमन या शर्यतपटूने ताशी १३१ मैल गाठल्याची अनधिकृत नोंद सांगितली जाते. त्याच किनाऱ्यावर बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९०४ साली, पॅकार्डच्या ग्रे वुल्फ या शर्यतीच्या गाडीने विक्रम केले होते, आणि डेटोनाची ती आठवण जागवायचा हेतू उघड होता. पण आजोबांचे पराक्रम सांगून मुलीचं लग्न जमवायचे दिवस गेले होते. समोर शेवरोलेची कॉर्व्हेट, तीही फायबरग्लासचीच, दुकानात विकत मिळत होती. पँथर विकायची ठरलीच नाही. दोन पँथरना नंतर १९५५च्या मॉडेलचे उंच मागचे दिवे लावले गेले; म्हणजे उद्याची गाडी वर्षभरात जुनी झाली आणि तिला चालू वर्षाच्या गाडीचे अवयव बसवावे लागले.

ते दिवेही टीगचेच. १९५५च्या पॅकार्डला नवी बॉडी मिळाली नव्हती. १९५१चंच खोकं होतं, त्याला नवे दिवे, नवी जाळी, वळवलेली पुढची काच आणि दुरंगी पट्टे लावून टीगने ते असं सजवलं की पाहणाऱ्याला अख्खी गाडी नवी वाटावी. या कामाची दाद मोटारधंद्यातली माणसं आजही देतात. आणि गाडीत खरोखर नवं होतं ते न दिसणारं. व्ही-आठ इंजिन शेवटी आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विल्यम ॲलिसन यांचं टॉर्शन-लेव्हल सस्पेंशन. गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा आणि पाटे काढून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडीच्या लांबीने जाणाऱ्या पोलादी कांबी टाकलेल्या. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की बसणारा पीळ कांबीवाटे मागच्या चाकाकडे जाई, त्यामुळे गाडी डुलत नसे. डिकीत सामान भरलं की काही सेकंदांनी एक विजेची मोटर आपोआप गाडीची पातळी सारखी करी. रेल्वे फाटकावरून ही गाडी जाताना पाहणाऱ्यांचा विश्वास बसत नसे. १९५५ साली जनरल मोटर्सच्या दारात असं काही नव्हतं. भविष्य खरं म्हणजे पॅकार्डने विकायला काढलं होतं, पण ते चेसिसखाली होतं, आणि फिरत्या चौथऱ्यावर चेसिसखालचं काही दिसत नाही.

गाडी मात्र वाईट जोडलेली निघाली. १९४०च्या सुमारापासून पॅकार्डच्या बॉड्या ब्रिग्ज कंपनी बनवून द्यायची. मालक वॉल्टर ब्रिग्ज १९५२मध्ये वारले आणि पुढच्या वर्षाअखेर वारसांनी कारखाने क्रायस्लरला विकले. क्रायस्लर प्रतिस्पर्ध्यासाठी बॉड्या कशाला बनवेल? नॅन्स यांनी कॉनर अव्हेन्यूवरची अपुरी इमारत भाड्याने घेऊन सगळी जोडणी तिथे हलवली. जागा कमी, माणसं नवी, मॉडेल नवं. दारं नीट बसेनात, सस्पेंशनची वायरिंग आणि गिअरबॉक्स डीलरांच्या गॅरेजांत येऊन पडू लागले. (त्या गिअरबॉक्सवर काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरांत जॉन डीलोरिअनही होते. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि तीही बुडाली.)

त्यात विलीनीकरण. नॅशचे जॉर्ज मेसन यांचं जुनं स्वप्न होतं की नॅश, हडसन, पॅकार्ड आणि स्टुडबेकर या चार छोट्यांनी एकत्र यावं. नॅश-हडसन एकत्र आले. १ ऑक्टोबर १९५४ला पॅकार्डने स्टुडबेकर घेतली. एका आठवड्यात मेसन वारले आणि उरलेला अर्धा बेत त्यांच्याबरोबर गेला. लग्नानंतर कळलं की साउथ बेंडच्या स्टुडबेकरला नफा व्हायला जितक्या गाड्या विकाव्या लागतील असं सांगण्यात आलं होतं, त्याहून पुष्कळ जास्त विकाव्या लागणार होत्या. हिशेब नीट न तपासता केलेला हा सौदा पॅकार्डच्या अंताचं मुख्य कारण आहे असं माझं मत आहे. बाकीची दुखणी कदाचित बरी झाली असती.

१९५५च्या सुरुवातीला शिकागोच्या प्रदर्शनात आलेली गाडी या पार्श्वभूमीवर पाहावी. नाव रिक्वेस्ट. अनेक ग्राहक कंपनीला लिहीत होते की आमचा जुना चेहरा परत द्या. जुना चेहरा म्हणजे युद्धाआधीची उभी, अरुंद जाळी, वरच्या कडेला बैलाच्या जुवासारखे दोन खांदे असलेली. टीगने पॅकार्डचीच एक तयार फोर हंड्रेड हार्डटॉप घेतली, बंपर मधोमध दुभंगला आणि ती जाळी तिथे उभी केली. खरं सांगायचं तर रुंद, बसक्या शरीरावर ते उंच नाक चिकटवल्यासारखं दिसतं. पण बाजाराची नस अचूक ओळखली होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी लिंकनने कॉन्टिनेंटल मार्क थ्रीला अशीच रोल्सच्या वळणाची उभी जाळी लावली आणि श्रीमंत अमेरिकनांनी ती हातोहात उचलली.

एका वर्षात पँथर पुढे बघते, दुसऱ्या वर्षी रिक्वेस्ट मागे बघते. कंपनी स्वतःला काय समजते हेच ठरत नव्हतं. १९५६च्या जानेवारीत शिकागोत आलेल्या प्रेडिक्टरने दोन्ही एकाच पत्र्यात बसवायचा प्रयत्न केला. फोर्डकडून आलेले बिल श्मिट आणि टीग यांची ही रचना. बांधली इटलीत, तुरिनच्या गिया कारखान्यात, हाताने. (श्मिट यांच्या फोर्डमधल्या काळातली लिंकन फ्यूचुराही गियानेच बांधली होती. ती पुढे टीव्हीवरच्या बॅटमॅनची बॅटमोबिल झाली.) प्रेडिक्टरच्या नाकावर जुन्या पॅकार्डची आठवण देणारी उभी अरुंद जाळी होती. हेडलाइट झाकणांमागे लपलेले. समोरची काच टपापर्यंत वळत गेलेली. दार उघडलं की टपाचा त्या बाजूचा भाग सरकून आत जाई, म्हणजे वाकावं लागत नसे, आणि सीट फिरून बसणाऱ्याकडे तोंड करी. मागची काच बाल्बोआसारखी उलटी आणि बटणाने खाली जाणारी. खाली नेहमीचं व्ही-आठ आणि टॉर्शन-लेव्हल.

पण प्रेडिक्टर गिऱ्हाइकांइतकीच सावकारांसाठीही होती. १९५७साठी नॅन्स यांचा बेत शहाणपणाचा होता: एक मूळ बॉडी, तिच्यावर पॅकार्ड, तिची स्वस्त बहीण क्लिपर आणि स्टुडबेकर तिघींचे वेगवेगळे पत्रे, म्हणजे जनरल मोटर्सचंच गणित. पॅकार्डचा चेहरा प्रेडिक्टरच्या वळणाचा. मातीचे नमुने झाले. चाचणीसाठी नव्या चेसिसवर ओबडधोबड पत्रे ठोकून एक काळी गाडी केली, तिला 'ब्लॅक बेस' म्हणत. साच्यांसाठी मोठमोठ्या विमा कंपन्यांकडे कर्ज मागितलं. विमा कंपन्यांनी विक्रीचे आकडे पाहिले आणि नकार दिला.

मग सगळं भराभर संपलं. २५ जून १९५६ला डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. ऑगस्टमध्ये कर्टिस-राइट या विमानधंद्यातल्या कंपनीने सूत्रं हाती घेतली, नॅन्स गेले. नाव आणखी दोन वर्षं स्टुडबेकरच्या गाड्यांवर चिकटवून विकलं आणि १९५८मध्ये तेही बंद केलं.

१९५६च्या त्या उन्हाळ्यातली एक हकीकत टीग पुढे रंगवून सांगायचे. नमुन्यांच्या गाड्या कापून भंगारात काढायचं फर्मान आलं. एका म्हाताऱ्या वेल्डरने टॉर्च घेऊन एकेक तुकडा केला. ब्लॅक बेसही त्यात गेली. काम संपत आल्यावर टीग धावत गेले आणि ओरडले की अरे, हे काय केलंस, ही नव्हे, ती पलीकडची कापायची होती! म्हातारा पांढराफटक पडला. थट्टा क्रूर होती हे टीगनाही नंतर वाटायचं, पण त्या दिवसांत थट्टेखेरीज हातात काही उरलं नव्हतं.

प्रेडिक्टर कापली गेली नाही. ती इंडियाना राज्यात साउथ बेंडच्या स्टुडबेकर संग्रहालयात आहे. रिक्वेस्टही वाचली आणि दुरुस्त झाली. डेट्रॉइटचा कारखाना अनेक दशकं ओसाड पडून राहिला. २०२२पासून तो पाडायला घेतला आणि २०२४च्या अखेरीस मुख्य इमारती जमीनदोस्त झाल्या.

नॅन्स फोर्डमध्ये गेले, आणि तिथे त्यांच्या विभागाच्या वाट्याला आली एडसेल, म्हणजे डायसाठी पैशांची काही कमी नसतानाही पडलेली गाडी. टीग क्रायस्लरवरून अमेरिकन मोटर्समध्ये पोचले. मेसन यांच्या अर्ध्या बेतातून उभी राहिलेलीच ती कंपनी, आणि तीही कायम कफल्लक. तिथे १९७०मध्ये हॉर्नेट गाडीचा मागचा भाग छाटून त्यांनी ग्रेम्लिन काढली. तिचं पहिलं चित्र विमानात उलटीसाठी देतात त्या कागदी पिशवीवर रेखाटलेलं. पुढचा अर्धा पत्रा जुन्याच साच्यांतून आला. १९८४च्या जीप चेरोकीच्या वेळी मात्र रेनोचा पैसा मागे होता, आणि ती गाडी अमेरिकेत २००१पर्यंत जवळपास त्याच पत्र्यांनिशी विकली गेली.